खाडीकाठचे पक्षी आणि मोकळं दृश्य कसं काढायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लोक सारखे पाठवतात, शब्द थोडे इकडेतिकडे, पण विचारायचं तेच असतं. एका गोष्टीचं उत्तर एकाच ठिकाणी दिलंय आणि दुसऱ्या उत्तराशी संबंध आला की तिथे नंबर टाकलाय, त्यामुळे सगळं सलग वाचायची सक्ती नाही. फक्त ५ आणि ६ वाचाच, बाकीचं अर्धंअधिक त्यांच्यावर उभं आहे.

१. मला पक्ष्यांची नावं धड माहीत नाहीत. आधी ओळखायला शिकू की सरळ काढायला लागू?

सरळ काढायला लागा. नावं नंतर कळतात, आणि ज्याने एखादा पक्षी चार वेळा काढलाय त्याला तो पाचव्यांदा लांबूनही ओळखू येतो, कारण पाय किती लांब, चोच कुठे वाकते, शेपटी पंखाच्या पुढे आहे की मागे हे त्याने हाताने मोजलेलं असतं. एवढं मात्र आधी माहीत असलेलं बरं की चिखलावर चरणाऱ्या पक्ष्यांत ढोबळ दोन तऱ्हा आहेत. चिखल्या आणि टिटवी डोळ्यांनी शिकार शोधतात, म्हणून डोळा मोठा, चोच आखूड, आणि चाल अशी की चार पावलं पळायचं, एकदम थांबायचं, टिपायचं. पाणटिवळा, कर्ल्यू वगैरे मंडळी चोच चिखलात खुपसून स्पर्शाने शोधतात, म्हणून चोच लांब आणि डोकं सारखं खाली. एवढा फरक डोक्यात असला की नाव माहीत नसलं तरी पोझ खोटी वाटत नाही.

२. सामान काय काय लागेल? यादी द्या ना.

यादी छोटी आहे. २बी आणि ४बी पेन्सिल, स्पायरलची वही (वाऱ्यात सुटे कागद म्हणजे डोक्याला ताप), दोन जाड क्लिपा, जलरंगाचा छोटा डबा, एक बऱ्यापैकी जाड गोल ब्रश ज्याचं टोक बारीक होतं, आणि दुर्बीण. दुर्बीण ८ बाय ४२ ची असली तर उत्तम, कारण १० पटीची हातात जास्त थरथरते आणि स्केच करताना ती सारखी वरखाली करायची असते. रंगवायचं असेल तर कागद ३०० जीएसएम घ्या, त्याहून पातळ कागद ओल्यावर ओलं काम करताना (म्हणजे ओल्या कागदावरच ओला रंग लावताना) फुगतो, आणि खाडीच्या चित्रात आकाश आणि पाणी दोन्ही ओल्यावर ओलंच करावं लागतं. स्टूल घ्यायचं की नाही ते प्रश्न ७ मधे, कारण तो फक्त आरामाचा मुद्दा नाहीये.

३. खाडीचंच पाणी रंगात वापरलं तर? फार भारी कल्पना वाटते.

कल्पना भारी आहे पण करू नका. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, कागद पूर्ण कोरडा राहत नाही, आणि पुढे त्यावर खडे किंवा डाग दिसायला लागतात. घरून बाटलीत गोडं पाणी न्या.

४. कधी जायचं? भरतीला की ओहोटीला?

काय काढायचंय त्यावर आहे. पूर्ण ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि दृश्य एकदम मोकळं होतं, पण पक्षी पार लांब, पाण्याच्या कडेला ठिपक्यासारखे. चढती भरती असेल तर पाणीच पक्ष्यांना ढकलत ढकलत तुमच्या बाजूला आणतं, म्हणून पूर्ण भरतीच्या आधीचे दोनेक तास जवळून स्केच करायला सगळ्यात कामाचे. आणि ऐन भरतीला चरायला जागाच उरत नाही, तेव्हा ते उंचवट्यावर गर्दी करून झोपतात, ज्यांना हलणारे पक्षी जमत नाहीत त्यांच्यासाठी ही वेळ म्हणजे पर्वणी.

दोन भरत्यांमधे साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून तीच भरती दुसऱ्या दिवशी ५० एक मिनिटं उशिरा येते. काल सकाळी ८ ला छान जमलं म्हणून आज ८ ला गेलात तर दृश्य वेगळं असणार. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप खालीही जातं, आणि अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. मोकळ्या चिखलाचं मोठ्ठं दृश्य हवं असेल तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी धरा. पाण्यापासून स्वतःला कसं सांभाळायचं ते प्रश्न १९ मधे आहे, ते वाचल्याशिवाय चिखलात उतरू नका.

५. प्रत्यक्षात खाडी इतकी अफाट दिसते आणि माझ्या कागदावर आली की शेतातलं तळं होते. काय चुकतंय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. बहुतेक वेळा चूक अशी की लांबची जमीन कागदावर फार जास्त जागा खाते.

एक हिशोब बघा. तुम्ही उभे आहात, डोळे जमिनीपासून दीड मीटरवर. तुमच्यापासून ५ मीटरवरची जागा कागदावर क्षितिजाच्या २० सेंटीमीटर खाली काढलीत असं धरू. मग ५० मीटरवरची जागा क्षितिजाच्या फक्त २ सेंटीमीटर खाली येते आणि ५०० मीटरवरची २ मिलिमीटर. अंतर दहापट झालं की क्षितिजापासूनची जागा दहावा हिस्सा होते, बस इतकं साधं आहे. म्हणजे अख्खी खाडी, तिचे फाटे, वाळूचे पट्टे, लांबचे थवे, सगळं त्या २ सेंटीमीटरच्या पट्टीत बसायला पाहिजे, आणि खालच्या १८ सेंटीमीटरमधे फक्त तुमच्या समोरचा ४५ मीटर चिखल. आपण करतो नेमकं उलटं, कारण लांबचं बघण्यासारखं असतं म्हणून तिथे हात रेंगाळतो आणि ती पट्टी फुगत जाते.

चिखलातून वळत जाणाऱ्या पाण्याच्या नळ्यांचंही तेच. समोरचं वळण चांगलं गोल दिसतं, पुढचं चपटं, आणि त्याच्या पुढची सगळी वळणं म्हणजे एकावर एक ठेवलेल्या आडव्या रेघा. लांबचं वळण गोल काढलं की जमीन उभी राहते, भिंतीसारखी. खात्री करायची असेल तर पेन्सिल आडवी धरून एक डोळा मिटा आणि बघा ते लांबचं वळण पेन्सिलीच्या जाडीत मावतंय का, बऱ्याचदा मावतं.

६. पक्षी किती मोठा काढायचा हे कळतच नाही. जवळचा आणि लांबचा एकाच चित्रात असले की एक राक्षस दिसतो आणि दुसरा मुंगी.

यावर एकदम पक्की युक्ती आहे. आधी क्षितिजाची रेघ, मग पक्षी. सपाट जमिनीवर क्षितिज कायम तुमच्या डोळ्याच्या उंचीवर असतं आणि ही उंची प्रत्येक अंतरावर तीच राहते. तुमचे डोळे १५० सेंटीमीटरवर आणि पक्षी ३० सेंटीमीटर उंच, म्हणजे डोळ्याच्या उंचीचा पाचवा हिस्सा. आता तो पक्षी चिखलावर कुठेही उभा करा, त्याच्या पायापासून क्षितिजापर्यंतचं अंतर मोजा, पाचाने भागा, तेवढा पक्षी. पाय क्षितिजाच्या २० सेंटीमीटर खाली असतील तर पक्षी ४ सेंटीमीटर, २ सेंटीमीटर खाली असतील तर ४ मिलिमीटर. पंधरा सेंटीमीटर उंचीचा बारका पक्षी असेल तर दहाने भागा. एवढं केलंत की दोन पक्षी एकाच जमिनीवर उभे आहेत असं बघणाऱ्याला आपोआप पटतं आणि त्यांच्यामधलं अंतर पण जाणवतं, वेगळं काही दाखवावं लागत नाही.

माझं सरळ मत आहे की विस्तार दाखवायचा तो यानेच. लोक आकाश रंगवण्यात दिवस घालवतात आणि पक्षी अंदाजाने चिकटवतात, मग ते आकाश कितीही सुंदर असलं तरी चित्र लहानच वाटतं. या युक्तीला जे अपवाद आहेत ते शेवटच्या प्रश्नात टाकलेत.

७. बसून काढू की उभं राहून?

दोन्हीने वेगळी चित्रं होतात. उभं राहिलात तर डोळा दीड मीटरवर, क्षितिज सव्वाचार किलोमीटरच्या थोडं पुढे, चिखलाचा पट्टा रुंद दिसतो आणि पक्षी त्या पट्ट्याच्या आत, चिखलाच्या पार्श्वभूमीवर. बुटक्या स्टूलवर बसलात की डोळा मीटरभरावर येतो, चिखल आणखी चपटा होतो आणि उंच पक्ष्यांची डोकी क्षितिजाला जाऊन भिडतात. मोठा बगळा मान ताणून उभा असेल तर साधारण मीटरभर भरतो, मग तो जवळ असो की लांब, त्याचं डोकं क्षितिजाच्या रेघेवरच येणार. मोठा फ्लेमिंगो त्याहून उंच, त्याचं डोकं आकाशात जातं. हाच फ्लेमिंगो उभं राहून बघितलात तर डोकं खाली चिखलात. एकटा पक्षी भव्य दाखवायचा असेल तर बसा, मोकळेपणा दाखवायचा असेल तर उभे राहा.

८. पक्षी दोन सेकंद एका जागी थांबत नाही, स्केच पूर्ण होणार कसं?

एका पानावर पाच-सहा स्केच एकदम सुरू करा. पक्षी हलला की ते सोडा आणि दुसरं सुरू करा, कारण चरणारा पक्षी त्याच त्याच चार पोझमधे फिरून फिरून येतो. तो परत डोकं खाली घालेल तेव्हा तुम्ही डोकं खाली असलेल्या स्केचवर परत जा. पहिली रेघ पाठीची, चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत एका झटक्यात, मग पोटाचा अंडाकार, मग पाय जमिनीला कुठे टेकलेत तो बिंदू. डोळा आणि पिसं सगळ्यात शेवटी, आणि नाही झाली तरी चालतं. बघताना काढू नका आणि काढताना बघू नका, म्हणजे दहा सेकंद नुसतं बघायचं, डोळे मिटायचे, मग कागदाकडे वळायचं. सुरुवातीला विचित्र वाटतं पण हात फार लवकर तयार होतो.

९. पाय नेहमी चुकतात. गुडघा उलटा कसा काय वाकतो?

तो गुडघा नाहीच, घोटा आहे. पक्षी बोटांवर चालतो, टाच वर उचललेली असते, आणि मधे जो सांधा मागे वाकलेला दिसतो ती त्याची टाच. खरा गुडघा वर पोटाजवळ पिसांत लपलेला असतो. कागदावर फिकट पेन्सिलने तो लपलेला भाग पण काढून बघा, पोटाच्या आत मांडी पुढे जाते, गुडघ्याला वळून तंगडी मागे येते, मग दिसणारा सांधा, मग खाली पंजा. आतलं हे काढलं की बाहेरचे पाय बरोबर जागेवरून निघतात.

दुसरं म्हणजे तोल. पक्षी एका पायावर उभा असेल तर तो पाय शरीराच्या मधोमध खाली आलेला असतो, सरळ खाली नाही तर आत तिरका. पायाच्या जागेपासून एक उभी रेघ वर न्या, ती पक्ष्याच्या वजनाच्या मधून जायला पाहिजे, नाहीतर बघणाऱ्याला तो पडतोय असं वाटत राहतं. शेकाट्याच्या बाबतीत तर हे फारच जाणवतं, कारण त्या काड्यांसारख्या गुलाबी पायांवर आधीच सगळं शरीर अधांतरी दिसतं.

१०. चोच कशी मोजायची? माझी कर्ल्यूची चोच कधी खंजीर होते कधी विळा.

डोक्याच्या लांबीने मोजा. चोचीच्या बुडापासून डोक्याच्या मागच्या टोकापर्यंत एक माप, आणि चोच अशी किती मापं भरते ते दुर्बिणीतून बघून लिहून ठेवा. कर्ल्यूमधे मादीची चोच नरापेक्षा लांब असते, म्हणून थव्यात सगळ्यांच्या चोची सारख्या काढू नका. आणि वाक कुठे आहे बघा, कर्ल्यूची चोच बुडाशी बरीचशी सरळ असून पुढे पुढे जास्त वाकते, पूर्ण गोल कंस काढला की विळा होतो. उचाटची उलट, टोकाला वर वळलेली, आणि तो ती पाण्यात डावी-उजवी फिरवतो. चमच्या पण तसाच झाडू मारल्यासारखं डोकं फिरवतो. फ्लेमिंगोचं तर सगळंच उलटं, डोकं उलटं करून पाणी गाळतो, त्यामुळे चरताना चोचीची वरची बाजू खाली असते. हे माहीत नसेल तर ती चोच मोडल्यासारखी निघते.

११. एकच जात, पण कधी बारीक दिसते कधी लठ्ठ. कुठली खरी?

दोन्ही. थंडीत किंवा वाऱ्यात पिसं फुगवली की मान गायब होते आणि चेंडू दिसतो, सावध झाला की पिसं चिकटवून लांबुळका होतो. शिवाय स्थलांतराच्या आधी हे पक्षी चरबी साठवतात, काहींचं वजन जवळपास दुप्पट होतं, आणि ती चरबी पोटाला नि शेपटीच्या बुडाशी सरळ दिसते. २०२२ मधे पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं एक पिल्लू, त्या वर्षीच जन्मलेलं, अलास्काहून टास्मानियापर्यंत ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर कुठेही न उतरता गेलं, पाठीवरच्या ट्रान्समीटरमुळे हे कळलं. इतका प्रवास ज्या इंधनावर होतो ते चित्रात दिसायला नको का? म्हणून स्केचच्या कोपऱ्यात महिना लिहीत जा.

१२. उडणारा पक्षी काढताना मान आणि पायांचं काय करायचं?

बगळे उडताना मान घडी घालून खांद्यात घेतात. करकोचे, चमचे, फ्लेमिंगो मान सरळ पुढे ताणतात. ही एक गोष्ट चुकली की पक्षी बघणारा माणूस चित्राकडे दुसऱ्यांदा बघत नाही, तेव्हा एवढी पाठच करून टाका. अपवाद असा की बगळा नुकताच उठला असेल किंवा उतरत असेल तर त्याचीही मान थोडा वेळ बाहेर असते. पाय बहुतेकांचे शेपटीच्या मागे जातात, शेकाट्याचे तर कितीतरी बाहेर. कुरव आणि सुरय यांचे पाय दिसतच नाहीत म्हटलं तरी चालेल.

१३. हजार पक्ष्यांचा थवा कसा काढू? एकेक काढत बसलो तर वेड लागेल.

थवा हा आधी एक आकार आहे, ढगासारखा, त्याला कडा आहेत, एक जाड बाजू आहे आणि एक विरळ होत गेलेली. तो आकार मोठ्या ब्रशने फिकट मारा, मग कडेचे थोडेच पक्षी नीट दाखवा, एक पंख वर, एक खाली, एक नुसती रेघ, आणि मधे ठिपके पण सारख्या अंतरावर नाहीत. बाकीचे बघणाऱ्याचा डोळा भरून घेतो. छोटे किनारी पक्षी थव्याने वळतात तेव्हा पाठी दिसल्या की थवा काळसर आणि पोटं दिसली की एकदम पांढरा होतो, म्हणून एकाच थव्याचा अर्धा भाग गडद आणि अर्धा जवळपास कागदात विरलेला दाखवता येतो, ते फार सुंदर दिसतं.

बसलेल्या थव्याचा वेगळा प्रश्न येतो, की सगळे एकाच दिशेला तोंड करून बसलेत, कंटाळवाणं दिसतं, थोडे उलटे काढू का? नको. ते वाऱ्याकडे तोंड करून बसतात म्हणजे पिसं विस्कटत नाहीत. दिशा तीच ठेवा आणि बदल इतर गोष्टींत करा: कोणी एका पायावर, कोणी चोच पाठीच्या पिसांत खुपसून (पंखाखाली नाही, पाठीवर), कोणी पंख ताणतोय.

१४. चिखलाला रंग कुठला लावायचा? माझा चिखल चॉकलेटसारखा दिसतो.

कारण तुम्ही सगळीकडे तपकिरी लावताय. ओला चिखल आरशाचं काम करतो, आणि नजर जितकी तिरकी पडेल तितकं प्रतिबिंब जास्त. म्हणून पायाजवळचा चिखल मातीच्या रंगाचा दिसतो आणि लांबचा चिखल जवळपास आकाशाच्या रंगाचा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकमेकांत मिसळा, सिएना जास्त तर ऊबदार करडा, अल्ट्रामरीन जास्त तर थंड करडा, आणि पट्टा खालून वर रंगवत नेताना हळूहळू थंड आणि फिकट करत न्या. या दोन रंगांत खाडीचा तीन-चतुर्थांश भाग होतो. अल्ट्रामरीन कागदाच्या खड्ड्यात दाणेदार बसतो, आणि ते दाणे चिखलाला चांगले शोभतात, पुसत बसू नका. जलरंग वाळल्यावर फिकट होतो हे धरून ओला असताना जरा गडदच ठेवा.

१५. प्रतिबिंब म्हणजे पक्षी उलटा काढायचा, बरोबर ना?

जवळपास, पण पूर्ण नाही. प्रतिबिंबात तुम्हाला पक्षी खालून दिसतो, म्हणजे पाठ कमी आणि पोट, शेपटीची खालची बाजू जास्त. रंगाचंही तसंच, गडद भाग पाण्यात थोडा फिकट होतो आणि पांढरा भाग थोडा मळतो, दोन्ही मधल्या टोनकडे सरकतात. पाणी हलत असेल तर प्रतिबिंब खाली लांब होतं, पण रुंदी तेवढीच राहते. सावली ही वेगळी गोष्ट: गढूळ पाण्यावर ती पडते, स्वच्छ पाण्यावर नीट पडतच नाही. दोन्ही एकत्र असतील तर प्रतिबिंब तुमच्याकडे सरळ खाली येतं आणि सावली सूर्याच्या उलट्या बाजूला जाते, ती दोन्ही एकाच दिशेला काढली की गोंधळ होतो.

१६. पांढरा बगळा पांढऱ्या कागदावर दिसणार कसा? आणि फ्लेमिंगोचा गुलाबी कुठला?

बगळा काढूच नका, त्याच्या मागचा चिखल काढा. मागचा टोन जिथे गडद आहे तिथे पांढरा आपोआप उठतो, आणि जिथे मागे फिकट आकाश येतं तिथे उलटं करून पक्ष्याची कडा हलकी निळसर करा. पांढऱ्याच्या सावलीत दोन रंग शोधा, वरच्या बाजूला आकाशाचा निळा आणि पोटाखाली चिखलावरून परत आलेला कोमट पिवळसर. पोटाखाली निळा लावला की बगळा जमिनीवर उभा वाटत नाही.

फ्लेमिंगोला भडक ऑपेरा गुलाबी लावायचा मोह सगळ्यांना होतो आणि तो रंग उजेडात उडतो, फ्रेम करून भिंतीवर लावलात तर काही काळाने फिकट पडलेला पक्षी उरतो. जुन्या अलिझरिन क्रिमझनचंही तेच, ट्यूबवर रंगद्रव्याचा नंबर पीआर ८३ (PR83) लिहिलाय का बघा, असेल तर टाळा. क्विनॅक्रिडोन गुलाबी, म्हणजे पीव्ही १९ (PV19) लिहिलेला, टिकतो. आणि सगळे फ्लेमिंगो सारखे गुलाबी करू नका, तो रंग खाण्यातल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यामुळे येतो, पिल्लं करडीच असतात आणि वाढत्या वयातले मळकट पांढरे.

१७. फोटोवरून काढलं तर चालेल का?

चालेल, पण फोटो एकटा नको. टेलिफोटो लेन्स लांबचं जवळ ओढून अंतर दाबून टाकते, पक्ष्यामागे झाडं भिंतीसारखी येतात आणि क्षितिज बहुतेक वेळा फ्रेमबाहेरच असतं, म्हणजे प्रश्न ६ मधली मोजायची रेघच तुमच्याकडे राहत नाही. पक्ष्याचे तपशील फोटोतून घ्या, जागा आणि मापं जागेवरच्या स्केचमधून. दुसऱ्याचा फोटो असेल तर त्याची परवानगी घ्या, नुसतं नाव लिहिणं पुरत नाही. एआयने बनवलेले पक्षी रेफरन्सला घेऊ नका, त्यांत पायाला जास्तीचे सांधे आणि पंखांत कुठूनही उगवलेली पिसं असू शकतात आणि ज्याला माहीत नाही तो तेच शिकतो.

१८. मी एवढी मोकळी जागा सोडली की घरचे म्हणतात चित्र अर्धं राहिलंय. भरू का?

भरू नका, पण मोकळी जागा नक्की मोकळी आहे की नुसती राहून गेली आहे हे तपासा. फरक कळायला सोळाव्या शतकाच्या शेवटाला जपानमधे हासेगावा तोहाकूने (१५३९ ते १६१०) पाइन झाडांचे जे पडदे रंगवले ते बघा, टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. सहा-सहा पाखांचे दोन पडदे, बहुतेक जागा कोरी, आणि तरी कोऱ्या जागेत धुकं दिसतं, कारण झाडांची शाई कुठे गडद आणि कुठे विरत जाते हे फार विचारपूर्वक केलंय. तुमच्या कागदावर पण कोऱ्या जागेच्या कडेला एखादी विरत गेलेली रेघ किंवा एक लांबचा ठिपका असेल तर ते पाणी होतं, कडाच नसेल तर नुसता कागद.

उलटं उदाहरण अमेरिकेतला पक्षीचित्रकार ऑड्युबॉन याचं. त्याने १८२७ ते १८३८ मधे ४३५ चित्रं छापली, पक्षी मूळ आकारात हवे म्हणून कागद जवळपास एक मीटर उंच घेतला, आणि तरी फ्लेमिंगो मावेना म्हणून त्याची मान खाली वाकवून बसवला. चित्र सुंदरच आहे, पण तिथे पक्षी राजा आहे आणि जागा त्याच्या मागे उभी. तुम्हाला खाडी दाखवायची असेल तर पक्षी कागदाच्या उंचीच्या दहाव्या हिश्शात ठेवून बघा.

तिसरं नाव चार्ल्स टनिक्लिफ (१९०१ ते १९७९). हा वेल्समधल्या अँगलसी बेटावर खाडीच्या काठाला घर घेऊन १९४७ पासून शेवटपर्यंत राहिला, वह्याच्या वह्या भरल्या, आणि मेलेले पक्षी मिळाले की त्यांची मूळ मापात पीसन् पीस मोजून चित्रं करायचा. शिकायचं असेल तर त्याची तयार चित्रं कमी आणि स्केचच्या वह्या जास्त बघा.

१९. पक्ष्यांना त्रास न देता किती जवळ जायचं? आणि चिखलात उतरणं सेफ आहे का?

मीटरमधे आकडा नाही, पक्षीच सांगतो. चरायचं सोडून डोकी वर झाली, सगळे तुमच्याकडे बघायला लागले किंवा ओरडायला लागले की तिथेच थांबा आणि दोन पावलं मागे या. उडाले म्हणजे उशीर झाला. विशेषतः भरतीला झोपलेल्या थव्याला उठवू नका, त्यांना दुसरी जागा नसते आणि प्रश्न ११ मधल्या प्रवासासाठी साठवलेली चरबी ते अशा फुकटच्या उडण्यात जाळतात. घरटी असलेल्या वाळूवर तर पाऊलच नको, अंडी इतकी वाळूसारखी असतात की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

चिखलाचं म्हणाल तर काठावरून काढा. भरती समोरून येते असं वाटतं, पण पाणी आधी नळ्यांमधून तुमच्या मागे भरतं आणि परतीची वाट बंद होते. उतरायचंच असेल तर वाट माहीत असलेला माणूस बरोबर, भरतीची वेळ लिहून घेतलेली, आणि पाणी फिरायच्या आधी बाहेर.

२०. प्रश्न ६ ची युक्ती वापरली तरी पक्षी चुकतोय. असं कधी होतं?

चार वेळा होतं. एक, पक्षी पाण्यात उभा असतो, मग पायाचा बुडलेला भाग वजा करावा लागतो आणि माप पाण्याच्या रेघेपासून घ्यायचं. दोन, तुम्ही बांधावर किंवा पुलावर आहात, तर डोळ्याची उंची दीड मीटर नाही, चिखलापासून मोजा, पाच मीटर भरली तर ३० सेंटीमीटरचा पक्षी पाचवा हिस्सा नाही तर सोळावा-सतरावा होईल. तीन, पक्षी उंचवट्यावर किंवा खडकावर आहे, तर आधी त्या खडकाच्या बुडाशी जमिनीचा बिंदू शोधा आणि तिथे एक काल्पनिक पक्षी उभा करून मग त्याच मापाचा वर उचला.

चौथा सगळ्यात फसवा. पलीकडच्या काठाला पाणी जिथे संपतं ती रेघ म्हणजे क्षितिज नाही. काठ ५०० मीटरवर असेल तर खरं क्षितिज त्या रेघेच्या थोडं वर, झाडांच्या मागे लपलेलं असतं. जवळच्या पक्ष्याला याने काही फरक पडत नाही, पण लांबच्या पक्ष्याला पडतो, कारण तिथे हिशोबच मिलिमीटरमधे चाललाय, आणि तुम्ही काठाच्या रेघेपासून भागलंत तर काठाच्या निम्म्या अंतरावरचा पक्षी निम्माच निघेल. धुक्यात क्षितिज अजिबात दिसत नसेल तेव्हा पण असंच: अर्धी भरलेली पारदर्शक बाटली डोळ्यासमोर धरा, पाण्याची पातळी बरोबर डोळ्याच्या रेषेत आणा, आणि त्या रेषेच्या सरळ पुढे जे येईल तिथे पेन्सिलची फिकट खूण करून ठेवा.